बंद गिझरचं वय

एखादी वस्तू अजून किती वर्षं काढेल, हा प्रश्न लोक मला आयुष्यभर विचारत आले. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये एका कंपनीच्या कामगारांची निवासस्थानं होती, तिथे मी मेन्टेनन्स सुपरवायझर होतो. सकाळी नळ, दुपारी फ्लश, संध्याकाळी पुन्हा नळ. राहायला मात्र उम्म अल कुवैनला, कारण तिथलं भाडं झेपायचं. दिवसभर लोकांची गळती थांबवून घरी यावं तर आमच्याच इमारतीच्या लिफ्टमध्ये कुणीतरी गाठायचं. "भाऊ, हा नळ अजून किती चालेल हो?"

उत्तरं तोंडपाठ होती. बेसिनखालची जाळीची नळी पाच वर्षांनी बदलायची, वरून कितीही चकचकीत दिसली तरी. फ्लशच्या टाकीतलं रबर दोन-तीन वर्षांत कडक होतं. चांगला पितळी नळ पंधरा-वीस वर्षं जातो, वायसर तेवढा बदलत राहायचा. संडासाचं भांडं आपल्यापेक्षा जास्त जगतं, त्याची काळजी करू नका. आणि गिझर आठ-दहा वर्षं. इथल्या पाण्यात त्याहूनही कमी.

गिझरचं हे उत्तर कामाच्या ठिकाणचं. आमच्या इमारतीत मी वेगळं उत्तर द्यायचो. आज हे लिहायला बसलोय ते त्या वेगळ्या उत्तरामुळे.

इथे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की गार पाण्याच्या नळाखाली हात धरवत नाही. म्हणून एप्रिल महिना लागला की सगळे गिझर बंद करतात आणि गरम पाण्याचा नळ वापरतात. गिझर बाथरूमच्या फॉल्स सीलिंगवर असतो, घरात एसी असतो, त्यामुळे त्याच्या टाकीत थांबलेलं पाणी जरा निवतं. नवीन माणूस आला की आम्ही हसून सांगायचो, "उन्हाळ्यात लाल खूण म्हणजे गार आणि निळी म्हणजे गरम. पहिल्या दिवशी भाजून घेतल्याशिवाय कळत नाही."

त्यावरून मी एक हिशेब मांडला होता. गिझर वर्षातले चार महिने तापतो, आठ महिने बंद. म्हणजे जिथे दहा वर्षं जायचा तिथे तीस जाईल. "माणसासारखंच आहे," मी म्हणायचो, "कमी राबवा, जास्त जगेल." लोकांना हे फार आवडायचं. आमच्यातला कुणीही इथे कायमचा राहायला आलेला नव्हता. प्रत्येकजण पुढच्या वर्षी परत जाणार होता. पुढच्या वर्षी जायचंय म्हटल्यावर नवा गिझर कोण बसवणार? असं म्हणत म्हणत आम्ही पंचवीस-तीस वर्षं काही बदललं नाही, आणि ते बरोबर आहे असं सांगायला माझ्यासारखा जाणकार माणूस इमारतीतच होता.

हिशेब चुकीचा होता आणि मला ते माहीत होतं. गिझरची टाकी लोखंडाची. आतून तिला लेप असतो आणि पाण्यात मॅग्नेशियमचा एक दांडा सोडलेला असतो. गंजायचं झालं तर आधी दांडा गंजतो. दांडा संपला की टाकीची पाळी. बटण बंद केल्याने फक्त तापवणं थांबतं. पाणी टाकीत बाराही महिने असतं, आणि उन्हाळ्यात तर वरूनच कढत येतं. कामाच्या ठिकाणी मी ठरल्या वेळी दांडे तपासायचो, टाक्या बदलायचो. घरच्या गिझरचं झाकण मी कधी उघडलंसुद्धा नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर वसईचं एक ख्रिस्ती कुटुंब होतं. नवरा ऑफिसात, बाई दुबईच्या एका हॉटेलात हाउसकीपिंगची फ्लोअर सुपरवायझर, एक मुलगी. बाई हसरी आणि कामाला वाघ. मी तिला ताई म्हणायचो, ती मला भाऊ. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सगळे दोन-दोन महिने गावी जायचो, तेव्हा घरांच्या किल्ल्या तिच्याकडे ठेवायचो. तिच्या स्वयंपाकघराच्या दाराशी, मेरीमातेच्या तसबिरीखाली, खुंट्यांची एक पट्टी होती. जुलैमध्ये त्यावर एकही खुंटी रिकामी नसायची. हॉटेलात अख्ख्या मजल्याची मास्टर किल्ली, घरी अर्ध्या इमारतीच्या.

किल्ली घेतली की कामं ठरलेली. तुळशीला आणि कढीपत्त्याला पाणी घालायचं. बाथरूमच्या जमिनीतल्या जाळीत एकेक मग पाणी ओतायचं, कारण तिथलं पाणी आटलं की गटाराचा वास येतो आणि झुरळं वर येतात. मग वास जायला एक्झॉस्ट पंखा थोडा वेळ लावायचा. ती माझ्या बायकोला म्हणायची, "वहिनी, तुमच्या घरातली झुरळं मला आता नावाने ओळखतात. मी आले की आपणहून खाली जातात."

बारा-तेरा वर्षांपूर्वीच्या एका जुलैत आम्ही गावी होतो. वॉचमनचा फोन आला. "भाईसाब, आपके घर से पानी आ रहा है. नीचेवाले की छत टपक रही है." त्याने जिन्यातल्या बोर्डावरून आमच्या घराची वीज तोडली होती आणि पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला होता. घर बंद करताना तो व्हॉल्व्ह फिरवून जायचं, हे मी शंभर घरांना सांगितलं असेल. आमच्याकडे रोपांसाठी तो चालू ठेवलेला असायचा.

मी लगेच ताईला फोन लावला. ती त्याच सकाळी आमच्या घरी येऊन गेली होती. तिने फोन उचलल्यावर मी पहिलं वाक्य काय बोललो ते मला जसंच्या तसं आठवतं.

"ताई, गिझरचं बटण तर चालू राहिलं नाही ना तुमच्याकडून?"

ती म्हणाली, "नाही भाऊ... मी पंखा लावला होता. पंख्याचंच बटण दाबलं मी." मग म्हणाली, "दोन्ही बटणं शेजारीच आहेत. दाबलं असेल का हो मी? मला आठवत नाहीये."

फुटलेली टाकी मी अजून पाहिली नव्हती, पण काय झालं असणार हे ओळखलं होतं. बटणाचं मी चौकशी म्हणून विचारलं नाही. लोकांनी मला काही विचारायच्या आत दुसरं एक कारण तयार असावं म्हणून विचारलं. आणि एक सांगतो. गिझर चुकून चालू राहिला तरी पाणी तापल्यावर तो आपोआप थांबतो. त्यासाठीच आत थर्मोस्टॅट असतो. माझ्यासारख्याने तो प्रश्न विचारण्यात अर्थच नव्हता.

दुसऱ्याच दिवशी एकटा परत आलो, तोवर घर बंदच होतं. बाथरूमचं सीलिंग खाली आलं होतं, हॉलमधला गालिचा भिजून जड झाला होता, भिंतीच्या कडेने पाण्याची रेघ. टाकी खाली उतरवून पाहिली. तळाची शिवण गंजून उसवली होती. बोट लावलं तर तपकिरी खपल्या हातात आल्या. आतला दांडा कधीचा संपलेला, नुसती तार उरलेली.

मग मी बाथरूमबाहेरच्या बटणांकडे पाहिलं. वॉचमनने बोर्डावरून वीज तोडली होती, भिंतीवरच्या बटणांना त्यानंतर कुणी हात लावला नव्हता. गिझरचं बटण बंद होतं. पंख्याचं चालू होतं.

म्हणजे तिने बरोबर तेच बटण दाबलं होतं. पंखा बंद करायला विसरली होती, एवढंच.

मी पंख्याचं बटण बंद केलं आणि टाकी गोणपाटात गुंडाळून खाली कचऱ्यात नेऊन टाकली.

संध्याकाळी ती आली, तेव्हा शेजारपाजारचे चार-पाचजण घरात होते. तिच्या हातात फरशी पुसायची फडकी आणि बादली होती. पुढचे तीन दिवस ती आमचं घर पुसत होती. मला बघून तिला रडू आलं. "भाऊ, मीच दाबलं असणार. मला माफ करा."

एकजण म्हणाला, "अहो ताई, हॉटेलात पण असंच करता काय? पाहुणे पोहतील की." सगळे हसले. तीसुद्धा हसायचा प्रयत्न करत होती.

तेव्हा बोलायला हवं होतं. टाकी कुजली होती, बटण बंद होतं, एवढी दोन वाक्यं. मी म्हणालो, "जाऊ द्या ताई. होतं असं. वय झालं की आपल्या सगळ्यांचंच होतं. मनाला लावून घेऊ नका."

लोकांना ते फार भावलं. घराचं एवढं नुकसान झालं आणि माणूस आवाजही चढवत नाही! पुढे कितीतरी दिवस मला हे ऐकवलं गेलं की भाऊंचं मन मोठं. कसलं मोठं मन! जे तिने केलंच नव्हतं ते मी चारचौघांत तिला माफ केलं होतं. रागावलो असतो तर कदाचित तिने भांडून विचारलं असतं, दाखवा टाकी, दाखवा बटण. माफ करणाऱ्याशी कोण भांडणार?

नुकसानीचं घरमालकाने मिटवलं, त्यात काही राहिलं नाही. ताईचं मात्र मिटलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात कुणीतरी किल्ली दुसऱ्या मजल्यावर दिली. मग दुसऱ्यानेही. कुणी वाईट बोललं नाही. "त्यांना आता कशाला त्रास," असं म्हणायचे. आमची किल्ली मात्र तिच्याकडेच द्यायची, असं मी ठरवलं होतं. तिनेच ती घेतली नाही. "नको भाऊ. माझा भरवसा नाही."

तिच्या आईला म्हातारपणी विसरण्याचा आजार झाला होता. शेवटी ती लेकीलाही ओळखत नव्हती. हे मला पूर्वीपासून माहीत होतं. आता ताई घरातून निघाली की जिन्यातून परत फिरायची आणि बटणं पाहायची. नवरा ओरडायचा, "अगं, बस जाईल!" ती म्हणायची, "एकदाच बघते." वर्षाच्या आत तिने हॉटेलची नोकरी सोडली. मास्टर किल्ली घेऊन एकेक दार पुन्हा पुन्हा तपासत बसते, असं तिने माझ्या बायकोला सांगितलं. पन्नाशी नुकती उलटलेली बाई. वरिष्ठांनी थांबवायचा प्रयत्न केला, ती थांबली नाही.

आणि मी काय केलं? इमारतीतल्या घरोघरी जाऊन सांगितलं की गिझर बदलून घ्या, आता नवीन मत असं आहे की आठ वर्षांवर ठेवू नये. लोकांनी ऐकलं. जुन्या टाक्या निघाल्या, बऱ्याच तळाशी गंजलेल्या होत्या. दोन गोष्टी जोडून पाहायचं कुणाच्या मनात आलं नाही. बायकोने मात्र एकदा भाजी निवडता निवडता विचारलं, "ते बटण खरंच चालू होतं?" मी म्हणालो, "आता कशाला ते?" तिने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा भाजी निवडायला लागली.

वर्षं गेली. मी निवृत्त झालो, मुलाच्या व्हिसावर इथेच राहिलो. ताईचा नवरा वारला, मुलीने तिचा व्हिसा केला. मुलगी लग्न होऊन दुबईत, आई अजून वरच्या मजल्यावर एकटी. गेल्या हिवाळ्यात इमारतीत बातमी आली की ताई कायमची वसईला चाललीये. तिथे सासऱ्यांच्या वाडीत छोटं घर आहे, विहीर आहे, चर्च पायी जाण्यासारखं.

त्यानंतरच्या शुक्रवारी तिची मुलगी आमच्याकडे आली. चहा समोर निवत होता. "अंकल, यू हॅव टु टॉक टु हर. ती तुमचं ऐकते."

"काय बोलू?"

"शी वॉन्ट्स टु लिव्ह अलोन. त्या घरात. मी तिथे एक होम बघितलंय, नन्स चालवतात, व्हेरी क्लीन. तिने तिथे राहावं. ती म्हणते, मी ठीक आहे. बट शी इज नॉट, अंकल. एकेक स्विच पाच-पाच वेळा चेक करते. अँड यू रिमेंबर द गीझर. तुमचं अख्खं घर बुडवलं होतं तिने. तिथे गॅस असेल, विहीर असेल. हाऊ कॅन आय लीव्ह हर?"

"आई काय म्हणते?"

"आधी भांडली. मग मी गीझरचं बोलले आणि ती गप्प झाली. आता म्हणते, तुझंही बरोबर असेल." मुलीचे डोळे भरले. "तुम्ही सांगितलंत तर ती शांतपणे जाईल."

बायको दारात उभी होती. मुलगी गेल्यावर मी खुर्चीतून उठलो नाही. मग बायकोला सगळं सांगितलं. बटण, टाकी, गोणपाट.

"तुम्ही वर जाऊन सांगताय की मी सांगू?" एवढंच म्हणाली.

"सांगतो. उद्या मुलगी असेल तेव्हा."

"आज आहे ना ती. चपला घाला."

घरात खोके बांधून ठेवले होते. ताई मला बघून उठायला लागली. "या भाऊ. चहा?" मी नको म्हणालो. बसलोही नाही, बसलो असतो तर इकडचंतिकडचं बोलत बसलो असतो.

मी म्हणालो, "ताई, त्या दिवशी गिझरचं बटण बंद होतं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तुम्ही पंख्याचंच दाबलं होतं. टाकी गंजून फुटली. ती पुष्कळ आधी बदलायला हवी होती आणि मला ते माहीत होतं."

मुलगी म्हणाली, "व्हॉट?"

ताईने तिला हाताने थांबवलं. "बंद होतं?"

"बंद होतं."

"तुम्हाला कधी कळलं?"

"आलो त्याच दिवशी."

ती ओरडेल असं वाटलं. तिने अगदी हळू आवाजात विचारलं, "मी नोकरी सोडली तेव्हा तुम्ही मला निरोपाचा हार घातला होता ना?"

इमारतीतल्या छोट्या समारंभात हार मीच घातला होता. मी मान हलवली.

"मला वाटायचं आईचं झालं तसं माझं सुरू झालं. रोज सकाळी उठून मी आधी स्वतःचं नाव म्हणायचे. मग नवऱ्याचं, मग हिचं." मुलीकडे बोट करून ती म्हणाली. "बघायला, की अजून येतंय का."

मुलीला हे माहीत नसावं. ती आईजवळ जाऊन बसली आणि माझ्यावर इंग्रजीत भडकली. तिचं सगळं बरोबर होतं. मी ऐकून घेतलं. ताईने तिला अडवलं नाही. मग म्हणाली, "भाऊ, तुम्ही जरा बाहेर थांबा."

मी जिन्यात उभा राहिलो. आतून दोघींचे आवाज येत होते, कधी मराठी, कधी इंग्रजी. ताईचा आवाज इतका चढलेला मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. शेवटी मुलगी म्हणाली, "ओके मम्मा, ओके! सिक्स मंथ्स. रोज व्हिडिओ कॉल."

दार उघडलं. ताई उंबऱ्यावरच उभी राहिली.

"सहा महिने राहून बघ म्हणतेय. तुमचे उपकार मानू म्हणता?"

"नाही ताई."

"मानणार नाहीच. माझंच होतं ते, तुम्ही ठेवून घेतलेलं." मग म्हणाली, "मला एकटीला सांगून भागणार नाही. त्या दिवशी तुमच्या हॉलमध्ये जे हसले ना, त्या सगळ्यांना सांगा."

त्यातले बहुतेक आता इथे नाहीत. कुणी रत्नागिरीला, कुणी पुण्याला, कुणी कॅनडात मुलाकडे. इमारतीचा व्हॉट्सॲप ग्रुप मात्र अजून आहे, सकाळी फुलं येतात, सणाला शुभेच्छा. मी त्यावर सगळं लिहिलं. टाईप करायला दुपार गेली. उत्तरं लगेच आली. हात जोडलेली चित्रं, अंगठे. एकाने लिहिलं, "भाऊ, इतक्या वर्षांनी कबूल करायलाही मन मोठं लागतं." दुसऱ्याने लिहिलं, "जुनं झालं, खलास, सोडून द्या आता." ताईचा नंबर त्याच ग्रुपवर आहे. तिला उद्देशून कुणी एक ओळ लिहिली नाही.

म्हणून हे सविस्तर लिहिलं. त्या हॉलमधल्या कुणाच्या वाचनात आलं, तर त्यांनी मला काही कळवू नये. फोन तिला करावा.

ती वसईला गेली. विमानतळावर मी सोडायला येतो म्हणालो होतो, तिने टॅक्सी मागवली. माझ्याशी ती बोलत नाही. माझ्या बायकोशी बोलते, आठवड्यातून एकदा तरी. बायको फोन स्पीकरवर ठेवते. मी तिथेच बसून ऐकतो.

मागच्या आठवड्यात चर्चमधल्या चौघीजणींना तिने जेवायला बोलावलं होतं. गप्पा रंगल्या आणि चुलीवरचा भात करपला, पातेलं काळंठिक्कर. बायको म्हणाली, "अगं बाई! मग?"

"मग काय वहिनी, विसरले," ताई म्हणाली, आणि खो-खो हसायला लागली. "करपलेलाच वाढला. वर बोंबिलाचं कालवण ओतलं, एकीला कळलं नाही."

बायकोही हसत होती. मी दचकून फोनकडे पाहिलं. मुलीला हे सांगितलंय का, असं विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं. मी विचारलं नाही.